मशीनने पॉलिश करायचंय? आधी पॅड नीट निवडा

पहिल्यांदा गाडीसाठी पॉलिशिंग मशीन घेणारा माणूस मशीनची सगळी माहिती काढतो, कुठलं कंपाउंड (चरे घासून काढणारं, पॉलिशपेक्षा जाडसर औषध) चांगलं ते चार जणांना विचारतो, आणि पॅड मात्र मशीनच्या खोक्यातून जे निघेल तेच लावतो. पण गाडीच्या रंगाला प्रत्यक्ष लागतं ते पॅड, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायची गोल गादी. मशीन तेच, बाटली तीच, नुसतं पॅड बदललं तरी काम वेगळं दिसतं. म्हणून शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: चार रंगांची चार पॅडं असलेला सेट घेऊ नका. मध्यम जातीची, म्हणजे ज्यावर ‘पॉलिशिंग’ असं लिहिलेलं असतं ती फोमची पॅडं एकसारखी पाच-सहा घ्या. पहिल्या गाडीला तेवढी पुरतात, आणि बहुतेकांना पुढच्या गाड्यांनाही तीच लागतात.

रत्नागिरीत माझं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं सेंटर आहे. आमच्याकडच्या गाड्यांचे हाल शहरातल्या गाड्यांपेक्षा वेगळे असतात. गाडी खळ्यात, आंब्याच्या सावलीत उभी. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर बसतो, मे महिन्यात आंब्याचा नि फणसाचा चीक, वर काजूचं बोंड पडून फुटलं की त्याचा रस. किनाऱ्यालगत खारं वारं. जांभ्याची लाल धूळ तर घराघरांत. ती धूळ लोक सकाळी कोरड्या फडक्याने झटकतात आणि निम्मे ओरखडे तिथेच पाडून ठेवतात. उन्हात गाडी तिरकी बघितली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात, ते हेच. असे चरे काढायला कडक पॅड लागत नाही. मध्यम पॅड आणि धीर लागतो.

मशीन आणि पॅडचं माप

मशीनबद्दल थोडक्यात सांगतो. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए मशीन घ्यावं. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय झोकेही घेतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशीन सरळ एकाच आसावर फिरतं. हात बसलेल्या माणसाकडून ते भराभर काम करतं, पण नवख्या हातात कडेचा रंग जाळू शकतं आणि उन्हात दिसणारे ढगासारखे पट्टे मागे ठेवतं. यापुढे मी डीए धरूनच बोलतोय.

मशीनला ज्या चकतीवर पॅड चिकटतं ती बॅकिंग प्लेट. ती साधारण ५ इंची असेल तर पॅड साडेपाच ते सहा इंचांचं घ्या. पॅड चहूबाजूंनी पाव इंचभर तरी प्लेटच्या बाहेर आलं पाहिजे. नाहीतर दरवाजाच्या हँडलजवळ किंवा फेंडरच्या वळणावर प्लेटची कडक कड रंगाला लागते, आणि तो चरा पॉलिशने जात नाही. पॅड लावताना ते प्लेटच्या बरोबर मध्यावर बसवा. जरासं सरकलेलं असलं तरी मशीन हातात थरथरतं आणि व्हेल्क्रो लवकर उखडतं.

जाडीही बघा. डीएला पातळ पॅड चांगलं. जाड, गुबगुबीत पॅड हाताला छान वाटतं, पण मशीनची हालचाल फोममध्येच जिरते आणि रंगापर्यंत कमी पोहोचते. साधारण एक इंच किंवा त्याहून थोडं कमी जाडीचं पॅड मला बरं वाटतं. मध्ये भोक असलेलं पॅड मिळालं तर घ्या, मधली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. पृष्ठभाग सपाट की खाचांचा, यावर लोक फार वाद घालतात. शिकताना त्याने काही अडत नाही.

फोम, मायक्रोफायबर, लोकर

लोकरीचं पॅड सगळ्यात जास्त कापतं, म्हणजे रंगावरचा थर घासून काढतं, आणि त्यामानाने कमी तापतं. जुन्या गॅरेजांमध्ये रोटरीवर तेच दिसतं. ते आत्ता नको. मायक्रोफायबरची पॅडं डीएसाठीच निघाली आहेत. भराभर कापतात, पण मागे हलकं धुरकट आवरण सोडतात. ते काढायला फोमचा दुसरा हात द्यावाच लागतो. शिवाय त्यांच्या केसांत उडालेल्या रंगाचा आणि कंपाउंडचा लगदा लगेच बसतो, दर भागानंतर ब्रशने साफ करावा लागतो. फार मार खाल्लेल्या, टणक क्लिअर कोटच्या (क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर) गाडीला ही पॅडं लागतात. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट साधारण टणक, जपानी गाड्यांचा मऊ, असा कारागिरांचा अनुभव आहे. त्यातही मॉडेलगणिक फरक पडतो, म्हणून गाडीचं नाव ऐकून पॅड ठरवू नका.

राहिला फोम. त्याच्या ढोबळ तीन जाती: कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग. कटिंगचा फोम कडक, अंगठ्याने दाबला तर पटकन दबत नाही. फिनिशिंगचा अगदी मऊ, त्याने चरे जात नाहीत, शेवटची चकाकी येते. पॉलिशिंगचा मधला. तो थोडं कापतो आणि कापलेलं स्वच्छही करतो. बारीक पॉलिश लावलं तर सौम्य चालतो, कंपाउंड लावलं तर जोर धरतो. एकाच पॅडमधून दोन पायऱ्या मिळतात, म्हणून सुरुवातीला तोच घ्यायचा.

रंगावर मात्र विसंबू नका. पॅडच्या रंगांचा सगळ्या कंपन्यांना मिळून एकच नियम नाही. लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोम पॅडांत पिवळं म्हणजे कडक कटिंगचं, नारिंगी त्याच्या खालचं, पांढरं पॉलिशिंगचं, काळं फिनिशिंगचं. मेग्वायर्समध्ये पिवळं पॉलिशिंगचं आणि कटिंगचं गडद मरून. रुपेसमध्ये निळं सगळ्यात कडक, पिवळं बारीक कामाचं, पांढरं सगळ्यात मऊ. म्हणजे ‘पिवळं पॅड लाव’ असं कोणी सांगितलं तर कुठल्या कंपनीचं ते आधी विचारा. नाहीतर मऊ काम करायला जाल आणि कडक पॅड फिरवाल. दुकानदाराकडून पॅडची जात आणि कंपनी दोन्ही पक्की करून घ्या. नाव नसलेलं स्वस्त पॅड असेल तर निदान दाबून बघा आणि मागच्या बाजूचा गोंद तपासा. हलक्या पॅडचा फोम तापला की व्हेल्क्रोपासून सुटतो, आणि चालू मशीनवरून सुटलेलं पॅड गाडीवर प्लेटच टेकवतं.

एकसारखी पाच-सहा कशाला?

हा प्रश्न सगळेच विचारतात. पॅड काम करतं तेव्हा त्यात तीन गोष्टी साठत जातात: पॉलिश, रंगावरून निघालेला बारीक चुरा आणि उष्णता. एक दरवाजा आणि अर्धं बोनेट झालं की फोम ओला, जड आणि गरम होतो. गरम फोम ढिला पडतो, त्याचं कापणं कमी होतं. माणसाला वाटतं पॉलिश चालत नाही, म्हणून तो आणखी पॉलिश ओततो आणि मशीनवर जोर देतो. पॅड आणखी तापतं. इथून पुढे काम बिघडतच जातं.

सेटमध्ये प्रत्येक जातीचं एकेकच पॅड असतं, म्हणून अख्खी गाडी एकावर ओढावी लागते. पाच-सहा असली की दोन पॅनल झाले की बदललं. छोट्या हॅचबॅकला एवढी लागतातच. शिवाय कोकणातल्या हवेत धुतलेलं पॅड त्याच दिवशी वाळत नाही. ओलं पॅड लावलं तर पॉलिश पातळ होतं आणि चहूकडे शिंतोडे उडतात. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका.

पॅडांच्या पाठीवर, व्हेल्क्रोच्या कडेला, मार्करने खूण करा. दोन पॅडांवर ‘कं’, म्हणजे कंपाउंडची. बाकीच्यांवर ‘पॉ’. एकदा कंपाउंड लागलेलं पॅड धुतलं तरी त्या दिवशी बारीक पॉलिशला वापरायचं नाही. आत राहिलेला एखादा जाड कण शेवटच्या हाताची चकाकी घालवतो.

पॅड टेकवण्याआधी

या कामात घाई केली तर कितीही चांगलं पॅड असो, गाडीला चरेच पडतील. आमच्याकडे वाळूची विशेष काळजी घ्यावी लागते. भाट्याच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीच्या चाकांवरच्या पाळीत, नंबरप्लेटच्या मागे, दरवाजाच्या रबरात वाळू अडकलेली असते. वरवर धुऊन मशीन लावलं की पाळीतला एखादा कण पॅडमध्ये येतो आणि बोनेटभर फिरतो. म्हणून आधी नुसतं पाणी भरपूर मारा, खालून वर आणि वरून खाली, पाळीच्या आतून बोट फिरवून. मग शाम्पू. चिकटा असेल तर कोमट पाण्याचं ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, तो सुटून येतो. डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर किंवा थोडं घासलेट लावून काढा आणि ती जागा पुन्हा शाम्पूने धुवा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावा, थोड्या वेळाने धुऊन टाका. क्षाराचा थर पॅडने खरवडायला जाऊ नका.

मग क्ले, म्हणजे धुऊनही रंगाला चिकटून राहिलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वस्तू. ओल्या रंगावरून क्लेचा गोळा किंवा क्ले मिट, म्हणजे क्लेचा हातमोजा, हलक्या हाताने फिरवायचा. धुतलेल्या टपावरून प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा: खरखर लागली तर क्ले लागणार, गुळगुळीत लागलं तर नको. शेवटी काळं प्लॅस्टिक, रबर आणि बॉडीच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावा. कडेवर क्लिअर कोट पातळ असतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, एका जागी साठते, म्हणून तिथे मशीनचा वेग कमी ठेवा.

काम सावलीत करा आणि पत्रा थंड असताना करा. हाताची पाठ बोनेटवर टेकवा. गरम लागली तर थांबा. मे महिन्यात नऊ वाजताच पत्रा तापतो, पॉलिश पॅडखालीच सुकतं आणि पांढरी पावडर उडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी या कामाला सगळ्यात चांगल्या.

पॅड ठरतं ते टेस्ट स्पॉटवर

पावस गावच्या एका गुरुजींची गडद निळी गाडी घ्या. वर्षानुवर्षं हापूसखाली उभी, रोज फडक्याने झटकलेली. बोनेटवर चऱ्यांचं दाट जाळं आणि त्यात दोन लांब सरळ ओरखडे, बहुधा फांदीचे. मी बोनेटच्या सपाट भागावर टेप लावून दीड फुटाचा चौकोन केला, आधी करून बघायला. हाच टेस्ट स्पॉट. सगळ्यात सौम्य उपाय आधी: पॉलिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश.

नवं पॅड कोरडं असतं. त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर थोडं पॉलिश बोटाने चोळून घेतलं, मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद ठेवूनच पॅड रंगावर टेकवलं, चौकोनभर ठिपके उमटवले, मग सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरलं. त्यानंतर मशीनवरचा वेगाचा आकडा चार-पाचवर. हात सावकाश, सेकंदाला एक-दोन इंच. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवून. असे आडवे-उभे मिळून चार हात. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त.

दाबाचं एक साधं माप आहे. प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे पॅड नुसतं थरथरतंय, काम करत नाही. मग दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा. वळणदार जागी मोठ्या झोक्याचं मशीन असं अडतं, तिथे तिरकं न धरता छोट्या छोट्या भागात काम करायचं.

पुसून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्याने हात मारला. पॉलिशमधलं तेल चरे भरून टाकतं आणि खोटी चकाकी दाखवतं, म्हणून हे करायचंच. मग टॉर्च तिरकी धरली. जाळं निम्मं विरळ झालेलं, पण होतं. आता बहुतेक लोक कडक पॅडकडे धावतात. मी पॅड तेच ठेवलं, म्हणजे त्याच जातीचं दुसरं, ‘कं’ खुणेचं घेतलं, आणि बाटली बदलली. मध्यम कंपाउंड, तसेच चार हात. पुसलं, टॉर्च धरली: जाळं गेलं. त्यावर ताज्या पॅडने बारीक पॉलिशचा हात दिल्यावर निळा रंग ओला असल्यासारखा खोल दिसायला लागला.

दोन सरळ ओरखडे मात्र तसेच. गुरुजी म्हणाले, “ते दोन राहिले की रे.” नख आडवं फिरवलं तर अडकत होतं. म्हटलं, “गुरुजी, ते राहू देत. ते काढायला गेलो तर वरचा थरच जायचा, मग अख्खं बोनेट रंगवावं लागेल.” कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. त्याच थरावर रंगाचं आयुष्य टिकून असतं, आणि इथल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत तो लवकर झिजलेला कोणालाच परवडत नाही. नख अडकणारा चरा मशीनचा नाही, हे मनाशी पक्कं करा.

टेस्ट स्पॉटवर कंपाउंडनेही जाळं गेलं नाही, तर आणि तरच एखादं कटिंग किंवा मायक्रोफायबर पॅड आणा. एवढ्या एका चौकोनावरून अख्ख्या गाडीचं पॅड आणि बाटली ठरते, मग मधेच बदलायचं नाही. फक्त एक अपवाद. पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर लगेच थांबा. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर तसं होणारच, तिथे फक्त हलका हात ठेवा. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग दिसला म्हणजे वरचा थर संपला. तिथे कुठलंच पॅड पुन्हा टेकवू नका.

काम चालू असताना आणि नंतर

प्रत्येक चौकोनानंतर मशीन चालू ठेवून पॅडवर मऊ ब्रश धरा. साचलेला लगदा उडून जातो. गॅरेजात कॉम्प्रेसर असेल तर हवेचा झोत आणखी चांगला. पॅड हाताला गरम लागलं की बाजूला ठेवा, दुसरं लावा. जमिनीवर पडलेलं पॅड त्या दिवसापुरतं बाद, मग ते कितीही नवं असो. जांभ्याच्या खळ्यात तर नक्कीच.

काम संपल्यावर पॅडं सुकू देऊ नका. सुकलेलं पॉलिश फोममध्ये दगडासारखं बसतं. कोमट पाण्यात साधा शाम्पू किंवा पॅड क्लीनर टाकून अंगठ्याने दाबत धुवा. पिळू नका, फोम फाटतो. उकळत्या पाण्यात टाकू नका, गोंद सुटतो. पाणी काढायला पॅड पुन्हा मशीनला लावा, बादलीच्या आत धरा आणि कमी वेगावर थोडा वेळ फिरवा. मग पडवीत, जिथे वारा खेळतो तिथे उभी टेकवा. कडक उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच. पावसाळ्यात घरात पंख्याखाली जाळीच्या टोपलीत ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरू नका, बुरशीचा वास लागला की तो जात नाही. कड फाटली, फोम एका बाजूला चपटा राहिला किंवा व्हेल्क्रो सुटायला लागलं की ते पॅड गाडीच्या रंगावरून काढा, डब्यात वेगळं ठेवा. हेडलाइटच्या पिवळ्या काचेवर हाताने फिरवायला ते चालतं.

काचांमधले खांब, आरशाच्या आजूबाजूची जागा आणि नंबरप्लेटच्या वरची पट्टी, इथे मोठं पॅड जात नाही. मोठ्या मशीनलाच तीन इंची प्लेट लावली तर तोल बिघडून मशीन थरथरू शकतं, म्हणून तिथे आत्ता फोमचा हातातला ॲप्लिकेटर वापरा. छोटं मशीन नंतर बघू. पुढची खरेदी करायची झालीच, तर गाडी काळी किंवा गडद असेल तर दोन फिनिशिंग पॅडं घ्या. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला त्यांची गरज सहसा भासत नाही, त्या पैशात आणखी दोन पॉलिशिंगची आणा.